मागच्या रांगेची उंची

महेबूबचाचा,

तुमच्याविषयी लिहायला मी कोण, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून आधी माफी मागतो. मी तुमचा नातेवाईक नाही, तुमच्या हाताखाली शिकलेला कारागीर नाही. लातुरात एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर आपण दोन महिने एका खोलीत होतो. तुम्ही लाकडाशी, मी कागदाशी. एवढीच आपली ओळख. सगळे तुम्हाला चाचा म्हणायचे, मी मिस्त्री म्हणायचो. आज पहिल्यांदा चाचा लिहिलं आणि हात अडखळला.

दुसरी माफी जास्त अवघड आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं आमच्याकडेही म्हणतात, तुमच्याकडेही म्हणत असतील. पण मला ते पूर्ण जमणार नाही. माझ्या मनात तुमच्याबद्दलचा संशय अजून आहे. तुम्ही गेलात म्हणून तोही जाईल असं वाटलं होतं. तो गेला नाही. उलट आता विचारायला माणूसच उरला नाही, म्हणून जास्तच घट्ट झालाय. तेव्हा जे खरं आहे तेच लिहितो. तुम्ही स्वतःच म्हणायचा ना, वाकडी फळी दाबून बसवली तर चार महिन्यांनी खिळा वर येतो.

तुम्ही गेल्याचं मला सोळा दिवसांनी कळलं. कॉलेजच्या मॉडेलसाठी प्लायचे तुकडे आणायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "महेबूब मिस्त्रीसोबत यायचास ना तू? गेले ते. हदगावला, लेकीच्या घरी. सकाळी रंधा मारायला बसले अन् तसेच कलंडले म्हणं." मी म्हणालो, "कधी?" तो तुकडे मोजत होता. म्हणाला, "दिवाळी झाल्यावर. तुला न्हाई कळलं?" मी तुकडे घेतले, रस्त्यावर आलो, आणि चाचा, मला पहिली आठवण काय यावी? तुमचा चेहरा नाही, आवाज नाही. भुशाचं ते पोतं आठवलं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. शहरातली बांधकामं बंद पडली होती. गवंडी घरी बसले होते, प्लास्टरवाले पुण्याला निघून गेले होते. तुम्ही मात्र कामावर होता. "सुताराला पाणी लागत न्हाई, घाम लागतो," असं म्हणून हसायचा. आमच्या सरांच्या घराचे वरचे मजले अर्धवट राहिले होते, घरची माणसं खाली राहत होती, पण आतलं कोरडं काम करून घेऊ म्हणून सरांनी सगळ्यात आधी होम थिएटरची खोली काढली. बाहेर टँकरच्या रांगा आणि आत सिनेमा बघायची खोली. लोक काय म्हणतील याची सरांना काळजी होती, म्हणून सगळं सामान मागच्या गल्लीनं येत होतं.

सर म्हणजे ज्यांच्या क्लासमुळे मी इंजिनिअरिंगला लागलो ते. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात, विहाराच्या भिंतीला लागून असलेल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सर म्हणाले, "तू आता इंजिनिअर होणार. माझ्या थिएटरचा प्लॅन तूच कर." मला केवढा आनंद झाला होता! मी दुसऱ्या वर्षाला होतो. इंजिनिअर होणं म्हणजे काय ते अजून नीट माहीत नव्हतं, पण रोज संध्याकाळी वही घेऊन जिना चढताना पाय आपोआप जोरात पडायचे.

खोली बावीस फूट लांब, तेरा फूट रुंद. समोर पडदा, जमिनीपासून दोन फुटांवर सुरू होणारा. पहिल्या रांगेत तीन रिक्लायनर, मागच्या रांगेत चौघांचा सोफा, आणि मागच्यांना पुढच्यांच्या डोक्यावरून दिसावं म्हणून सोफ्याखाली उंचवटा. मी त्याला रायझर म्हणायचो. सर स्टेज म्हणायचे. तुम्ही पहिल्या दिवशीच त्याचं नाव ओटा ठेवलंत, आणि शेवटपर्यंत ओटाच म्हणत राहिलात.

त्या ओट्यावरूनच आपलं भांडण सुरू झालं.

मी तीन दिवस मोबाइलवर वाचून हिशेब काढला होता. माणूस खुर्चीत बसल्यावर डोळा किती उंचीवर, डोक्याचा माथा किती, पुढची रांग पडद्यापासून दहा फूट, मागची सोळा फूट. उत्तर आलं आठ इंच. मी तुम्हाला वही दाखवली. तुम्ही वही हातात घेतली नाहीत, हाताला फेविकॉल होतं. लांबूनच बघितलंत आणि विचारलंत, "मागं कोण बसणार हाय?"

मी म्हणालो, "कोणी का बसेना. माप सगळ्यांना सारखंच."

"आन पुढं?"

"तेही कोणीही."

"आसं कसं, इंजिनिअर? घर हाय का एस.टी. हाय, कुणीबी कुठंबी बसाया?"

मला राग आला. तुम्ही सरांनाही तेच विचारलंत. सर फोनवर होते. उदगीर आता जिल्हा होणार, तिथे क्लासची शाखा काढायची, असं कुणाशी तरी चाललं होतं. फोन तसाच कानाला धरून ते म्हणाले, "पुढं आप्पा, मी, पाहुणे. मागं घरातल्या बायका, लेकरं. का?" तुम्ही मान हलवलीत. सर खाली गेल्यावर म्हणालात, "मग आठ इंचात भागत न्हाई. दीड फूट लागंल."

अठरा इंच! माझ्या हिशेबाच्या दुपटीहून जास्त. वर चढायला दोन पायऱ्या. प्लायही तेवढा वाढणार. मी विचारलं, "हे कशावरून?" तुम्ही बाहेर खिडकीकडे बघत म्हणालात, "लातूर जिल्हा झाला तवा मी वीस वर्सांचा होतो. नवी नवी हापिसं उघडून राहिली होती, खुर्च्या-टेबलं करू करू हात सुजले. एका हापिसात सभेचा ओटा केला. साहेबाच्या मापानं केला. साहेब खूश. मंग सभेला लोक आले, मागच्यांना निस्ता पंखा दिसून राहिला. एक म्हातारी मला म्हणली, बाबा, जिल्हा झाला म्हणत्यात, मला तर काई दिसंना. तवापासून उंची मी पुढच्याच्या मापानं काढीत न्हाई. मागच्याच्या डोळ्यानं काढतो."

गोष्ट ऐकायला चांगली होती. मला तिचाच संशय आला. वाढीव मालासाठी प्रत्येक मिस्त्रीकडे अशी एक गोष्ट असते, असं माझ्या रूमवरचा मित्र म्हणाला, आणि मला ते पटलं.

पुढच्या रविवारी सर टेस्ट सिरीजला गेले होते आणि तुम्ही घरातल्या माणसांना वर बोलावलंत. विटा आणि फळ्या रचून खोटा ओटा केला होता. पुढे उलट्या क्रेटवर सरांचे वडील आप्पा बसले, ऐंशीच्या घरातले, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेले. मागे फळीवर मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी. पडदा जिथून सुरू होणार तिथे भिंतीत एक खिळा मारून तुम्ही सुतळी बांधलीत, ती आप्पांच्या डोक्यावरून ओढत मॅडमच्या डोळ्यापर्यंत आणलीत. सुतळी आप्पांच्या रुमालाला अडली.

"आप्पा, रुमाल काढता का?" मी विचारलं.

आप्पा वळलेसुद्धा नाहीत. "का? कोण मेलंय?"

मॅडम हसून फळीवरून पडता पडता राहिल्या. तुम्ही हसला नाहीत. एक वीट वाढवलीत, परत सुतळी ताणलीत, परत एक वीट. आप्पांना म्हणालात, "तुमी घरात बसता तसं बसा, फोटोला बसल्यावानी नगं." आप्पांनी चटकन मांडी घातली आणि पाठ ताठ केली. सुतळी आणखी वर गेली. मी मोबाइलवर वाचलेल्या मापात माणूस बोडका होता आणि मागे रेलून पाय पसरून बसला होता. तुमच्या मापात आप्पा होते.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी बघत होतो वेगळंच. मालक घरात नसताना मिस्त्री मालकिणीला वर बोलावतो, हे बरोबर आहे का? हे सरांना सांगावं का? अशी माझी वही त्या दिवशी भरत होती, चाचा. मापं कमी आणि संशय जास्त.

संशय त्या उन्हाळ्यात हवेतच होता. माझ्या रूमवर आम्ही पाच जण. पंधरा पंधरा दिवस नळाला पाणी नसायचं. कुणाची बादली कुणी हलवली यावरून मित्र मित्र बोलेनासे झाले होते. शेजारी रात्री टाकीला कुलूप घालायचे. सरांच्या मागच्या अंगणातल्या हौदालाही लोखंडी झाकण आणि कुलूप होतं, किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला. सरांनी मला एक काम दिलं होतं. रोज संध्याकाळी हौदात पट्टी बुडवून पाणी किती इंच उरलं ते सांगायचं. ती इंचाच्या खुणांची लाकडी पट्टी तुम्हीच करून दिली होती. त्या बदल्यात सरांनी मला रोज वीस लिटरचा एक कॅन भरून न्यायची परवानगी दिली होती. आम्ही पाच जण त्या एका कॅनवर प्यायचो, स्वयंपाक करायचो. तुम्हाला तशी परवानगी नव्हती. तुम्ही घरून बाटली आणायचात. दुपारपर्यंत ती संपायची. हे मला दिसत होतं.

"त्या लोकांवर लक्ष ठेव," सर म्हणाले होते. ते लोक म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. कामगार म्हणाले असतील असं स्वतःला सांगितलं. पण तुमच्याशिवाय तिथे दुसरा कामगारच नव्हता. माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर जातात तेव्हा त्यांच्या पाठीमागेही कुणीतरी कुणाला तरी असंच सांगत असेल. हे मला आज सुचतंय. तेव्हा मला एवढंच वाटलं की सरांनी माझ्यावर विश्वास टाकलाय.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. तुम्ही ओट्याची चौकट उभी केलीत आणि वरचा प्लाय ठोकायला घेत नव्हता. "पोकळ राहिला तर ढोलकीवानी वाजंल, आत काय भरायचं ते बघू," म्हणालात. मला वाटलं, एवढी मोठी पेटी उघडी कशाला ठेवायची? एकदा तुम्ही नमाजाला गेलात तेव्हा मी मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावलो. आत तुमचा डबा होता, एक जुना सदरा होता. बस. तरी मी हात घालून कोपरे चाचपले.

खिडकीचंही तेच. थिएटरला अंधार हवा म्हणून मागच्या गल्लीकडची खिडकी प्लायनं बंद करायची होती. तुम्ही रोज ते काम उद्यावर ढकलत होता. एकदा कॉलेज लवकर सुटलं म्हणून मी तीनलाच आलो. तुम्ही खिडकीशी उभे राहून खाली बघत होता. मला पाहिलंत आणि घाईनं प्लायचा तुकडा खिडकीला लावलात.

"काय बघून राहिले, मिस्त्री?"

"ऊन."

"ऊन?"

"हाव. लई हाय."

मी त्या खिडकीतून स्वतः का डोकावलो नाही? दोन पावलं टाकायची होती. मी तुमच्याकडेच बघत राहिलो.

आणि ते पोतं. रोज संध्याकाळी तुम्ही लाकडाचा भुसा पोत्यात भरून शेगडीला जाळायला घरी न्यायचात. भुसा हलका असतो. पण तुम्ही ते पोतं दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, जपून जिना उतरायचात. पाण्याचा कॅन उतरवताना मी जसा उतरायचो, अगदी तसं.

मग एके दिवशी हौद नेहमीपेक्षा चार इंच जास्त खाली गेला. दुसऱ्या दिवशी आणखी चार. दिवसा सर क्लासला, मॅडम शाळेत, घरात फक्त आप्पा. पट्टी हातात धरून मी हौदाशी उभा होतो. आता खरं लिहितो, चाचा. मला तेव्हा पहिल्यांदा तुम्ही आठवला नाहीत. पहिल्यांदा माझा कॅन आठवला. ह्या घरातून रोज उघडपणे पाणी नेणारा बाहेरचा माणूस एकच होता, आणि तो मी. सर काय म्हणतील? कॅन बंद होईल का? रूमवर काय सांगू? हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं, आणि त्यानंतर लगेच तुमचं पोतं आठवलं.

मी सरांना सांगितलं. असं नाही म्हणालो की मिस्त्री पाणी चोरतात. इतका मी शहाणा होतो. मी म्हणालो, "सर, ते पोतं जरा जड वाटतं."

त्या संध्याकाळी मी वरच होतो. खिडकीला लावलेला तुकडा बाजूला करून खाली बघत होतो. तुम्ही मागच्या फाटकाशी पोचलात आणि सर आडवे आले. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. तुम्ही पोतं खाली ठेवलंत. सरांनी ते उलटं केलं. भुसा पडला. नुसता भुसा, गल्लीभर. पोत्याच्या बुडाला मोठं भोक होतं, वरूनही दिसत होतं. म्हणून तुम्ही ते खालून हात लावून पोटाशी धरायचात.

तरी सर गप्प राहिले नाहीत. त्यांचा आवाज वर आला, "आज नसेल. कालचं कुणी बघितलंय?"

तेवढ्यात आप्पा काठी टेकत बाहेर आले. ते घाईत होते, रुमाल सुटलेला होता. त्यांनी सरांकडे बघून तोंड उघडलं. आणि तुम्ही पुढे झालात, आप्पांचा हात धरलात, त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोललात. चार-पाच वाक्यं असतील. आप्पांचं तोंड मिटलं. ते तसेच मागे फिरले आणि आत गेले.

मग तुम्ही उकिडवे बसून सगळा भुसा हातांनी गोळा केलात, फाटकासमोरची जागा पोत्यानंच झाडलीत, आणि निघून गेलात. वर बघितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी तुमचा कुणीतरी पुतण्या हत्यारं न्यायला आला.

काय बोललात तुम्ही आप्पांच्या कानात? गेले सात-आठ महिने मी हेच विचारतोय. म्हाताऱ्या माणसाला दम दिलात का? की तुमचं दोघांचं काही ठरलं होतं? आप्पा तोंड उघडून मिटतात कसे? पोत्यात पाणी नव्हतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. पण पुढे जे झालं त्यानं माझा संशय पक्काच झाला. आप्पा म्हणाले, "पोराला आभ्यास आसतो, पट्टी मी बघत जाईन." आणि तुम्ही गेल्यानंतर हौदाची पातळी पुन्हा कधी तशी घसरली नाही. आप्पा रोज सांगायचे ते आकडे सरळ होते. सर म्हणाले, "बघ, माणूस गेला अन् गळती थांबली." मी मान हलवली. मला हायसं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. मी खोटं बोललो नव्हतो, असं वाटून हायसं वाटलं.

तुमची चौकट उतरवून ओटा दुसऱ्या मिस्त्रीनं केला, माझ्या वहीप्रमाणे, आठ इंच. अक्षय तृतीयेला वास्तुशांत झाली. जेवणं झाल्यावर सगळे थिएटरमध्ये जमले. पुढे आप्पा, सर, एक पाहुणे. मागे मॅडम, त्यांची आई, नणंद, लेकरं. दिवे बंद केले, सिनेमा लागला. दहा मिनिटांत लेकरं सोफ्यावर उभी राहिली. मग नणंद उभ्या राहिल्या. मग मॅडमच्या आई जिन्यात जाऊन बसल्या, म्हणाल्या इथंच गार वाटतंय. शेवटी दिवे लागले तेव्हा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आम्ही आप्पांचा रुमाल बघितला. लई छान होता. दोन तासांचा होता." सगळे हसले. सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला शोधत तुमच्या खोलीवर आलो तर कुलूप. शेजारीण म्हणाली, लातुरात कोण काम देईना म्हणून ते लेकीकडे गेले. तिच्याकडून नंबर घेतला. तुम्ही फोन उचललात, मागे रंध्याचा आवाज होता.

"मिस्त्री, मी बोलतोय. सरांच्या थिएटरवाला."

"हां, इंजिनिअर. बोला की."

मी काय काय ठरवून फोन लावला होता. तोंडातून एवढंच निघालं, "उंची किती म्हणाला होता तुम्ही?"

तुम्ही रंधा थांबवलात. "अठरा. तुमी लिवून घेतलं न्हवतं का?"

"लिहिलं होतं."

"मंग बरं. पायऱ्या दोन करा, म्हाताऱ्या बायांना एकदम चढवत न्हाई. आन वहिनीसायबांना बसवून सुतळी लावा, मगच ठोका." मग विचारलंत, "पाणी भेटून राहिलं का तुमाला?"

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. माफी मागितली नाही. ती मागायची की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. ओट्याच्या बाबतीत तुम्ही खरे होता, हौदाच्या बाबतीत कोण जाणे. आणि तो शेवटचा प्रश्न! पाणी भेटून राहिलं का? मी कित्येक दिवस त्याचा अर्थ लावत होतो. टोमणा होता का? तुम्हाला माहीत होतं का, की सरांना कुणी सांगितलं?

ओटा अठरा इंचांचा झाला. तुम्ही सांगितल्यासारखी मी सुतळी लावली. मॅडमना आता पडदा पुरा दिसतो. घरात कुणी आलं की सर सांगतात, "याचं डिझाइन आमच्या विद्यार्थ्याचं." मी गप्प असतो.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. वाटलं, शेवट असाच राहणार, अर्धवट आणि आंबट. मग काल आप्पांना सांगायला गेलो की तुम्ही गेलात. त्यांना कुणी कळवलं नसणार, हे माहीत होतं.

आप्पा थिएटरमध्येच होते, एकटे, पुढच्या खुर्चीवर मांडी घालून. पडदा बंद होता. मी सांगितलं. त्यांनी हळूच डोक्याचा रुमाल काढला आणि मांडीवर ठेवला. तेव्हा मला त्यांचा तो रविवारचा प्रश्न आठवला, कोण मेलंय, आणि मला खाली बघावं लागलं.

मग आप्पा म्हणाले, "त्यो हौद मी उपसत होतो."

मला आधी कळलंच नाही.

"मागच्या पत्र्याच्या घरातल्या बाया यायच्या दुपारच्याला, घागरी घेऊन. मी किल्ली घ्यायचो अन् शेंदून द्यायचो. त्यो वरून बघायचा खिडकीतून. कुणी येताना दिसलं तर वर ठोकायचा हातोडीनं, दोनदा. मंग मी झाकण लावायचो."

"आणि नंतर? पट्टी तर..."

"पट्टी मी बुडवतच न्हवतो. मनानं सांगायचो. टँकर लवकर लागला की म्हणायचो, वास्तुशांतीला पाव्हणे लई आले."

मी विचारलं. "आप्पा, त्या दिवशी फाटकावर ते तुमच्या कानात काय बोलले?"

आप्पांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"मी लेकाला सांगाया निगालो होतो, पाणी मी दिलं म्हणून. त्यो म्हणला, आप्पा, बोलू नगा. मला काम भेटंल कुठंबी. तुमी बोललात तर हौदाला दुसरं कुलूप पडंल. त्या बायांचं पाणी बंद हुईल, आन त्या पोराचा कॅनबी बंद हुईल. त्यो वरून बघून राहिलाय."

तो कॅन मी जूनपर्यंत रोज भरून नेत होतो, चाचा.